काउन्सेलर कुणाला रिपोर्ट करतो?

२५ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित काउन्सेलर, सायकॉलॉजिस्ट किंवा सोशल वर्कर असलाच पाहिजे. तेव्हापासून आमच्या ठाण्यात चार पालक आणि एखादा प्राध्यापक एकत्र आले की हा विषय निघतोच, आणि दरवेळी वाद त्याच दोन वळणांनी जातो. एक बाजू म्हणते आजकालची पोरं नाजूक झालीत, जरा मार्क कमी पडले की रडतात, आमच्या वेळी कुठे होते काउन्सेलर. दुसरी बाजू म्हणते कोर्टाचा आदेश आहे, नेमणूक करा, बोर्ड लावा, विषय संपला. मी डिग्री कॉलेजात शिकवते, दोन्ही बाजूंच्या लोकांसोबत रोज उठबस आहे, आणि मला मनापासून वाटतं की दोघंही भलत्याच मुद्द्यावर भांडतायत. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, कॉलेजच्या मुलांना वैयक्तिक समुपदेशन मिळायलाच हवं, समोरासमोर, शिकलेल्या माणसाकडून आणि फुकट. पण जो काउन्सेलर प्राचार्यांच्या हाताखाली आहे, ज्याचं कॉन्ट्रॅक्ट दर जूनला मॅनेजमेंट रिन्यू करते आणि ज्याची फाईल कॉलेजच्या कपाटात राहते, त्याच्याकडे ज्याला खरी गरज आहे तो मुलगा कधीच जाणार नाही. काउन्सेलर आहे का हे सगळे विचारतात, तो कुणाला बांधील आहे हे कुणी विचारत नाही, आणि सगळं तिथेच अडलंय.

प्रश्न किती मोठा आहे ते एकदाच सांगते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली, म्हणजे दिवसाला ३५ च्या वर, आणि त्यात सगळ्यात जास्त महाराष्ट्रातले. ही फक्त शेवटच्या टोकाला गेलेली मुलं आहेत. जी वर्षभर झोपत नाहीत, लेक्चरला येऊन मागच्या बाकावर नुसती बसून राहतात, दुसऱ्या सेमिस्टरनंतर गुपचूप कॉलेज सोडतात, त्यांची मोजदाद कुठेच नाही.

आता 'आमच्या वेळी' हा मुद्दा घेऊ, कारण त्यात तथ्य आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. घरात आजी होती, आत्या होती, चाळीत शेजारच्या काकू होत्या, संध्याकाळी तलावपाळीवर मित्र भेटायचे, आणि नापास झाल्याचं, प्रेमाचं, बापाशी झालेल्या भांडणाचं सगळं तिथे बोलून व्हायचं. हे खरंच होतं, आणि आजही ज्याच्याकडे अशी माणसं आहेत त्याला बहुतेक वेळा काउन्सेलरची गरज पडणार नाही. पण ते सगळ्यांसाठी होतं का? ज्या मुलीला नको असलेल्या लग्नाबद्दल बोलायचं होतं तिच्यासाठी ते स्थळ आत्यानेच आणलेलं असायचं, मग तिने बोलायचं कुणाशी? ज्या मुलाला मुलगेच आवडायचे त्याने चाळीत कुणाला सांगायचं होतं? ज्या घरात त्रास देणारा माणूस घरातलाच होता तिथल्या पोरीचं काय? गावोगावी विहिरीवर पाय घसरून गेलेल्या सुना किती आणि त्यातल्या खरंच पाय घसरलेल्या किती, हे आपल्या आज्यांना विचारून बघा, त्यांना माहीत असतं, फक्त त्या मोठ्याने बोलत नाहीत. 'तेव्हा असलं काही नव्हतं' असं जे आपल्याला वाटतं ते यामुळे की तेव्हा विचारणारं कुणी नव्हतं आणि लिहून ठेवणारंही कुणी नव्हतं.

आणि जे होतं ते तरी आज कुठे उरलंय? आमच्या वर्गात आसनगावहून, बदलापूरहून, मुरबाडहून येणारी मुलं असतात. मुरबाडला रेल्वे नाही, म्हणजे आधी एसटीने कल्याण आणि मग लोकल, सकाळचं पहिलं लेक्चर गाठायचं तर अंधारातच घर सोडावं लागतं. लेक्चर संपलं की पळत ट्रेन, कारण संध्याकाळी क्लास नाहीतर पार्ट टाइम नोकरी, मॉलमध्ये, डिलिव्हरीवर, कॉल सेंटरला. कट्ट्यावर बसायला वेळ लागतो आणि तोच यांच्याकडे नाही. दिघ्यात किंवा लोकमान्यनगरात एका खोलीत पाच माणसं राहतात तिथे फोनवर खाजगी बोलायचं तर जिन्यात जावं लागतं. घोडबंदरच्या टॉवरमध्ये खोल्या आहेत, दारं आहेत, पण आई-बाबा दोघं रात्री नऊला घरी पोचतात. आजी गावाला. एवढं सगळं बदललं आणि आपण त्या पोराला सांगतो की मन मोकळं करायला मित्र पुरेत.

आपला जुना अनुभवही काउन्सेलिंगच्या विरोधात जात नाही, उलट तो कसं करावं हेच शिकवतो. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसलेल्या विधवांना सल्ले देणारे तेव्हा कमी नव्हते, कीर्तनकारापासून सासऱ्यापर्यंत सगळेच उपदेश करत होते. फुल्यांनी वेगळं काय केलं? त्यांनी पत्रकं लावून जाहीर केलं की इथे गुप्तपणे बाळंत व्हा, आणि मूल बरोबर न्यायचं की इथेच ठेवायचं हे तुमच्या खुषीवर. मला हे नेहमी थक्क करतं. दीडशे वर्षांपूर्वी, कुठलंही मानसशास्त्राचं पुस्तक हाताशी नसताना, या नवरा-बायकोला दोन गोष्टी कळल्या होत्या, की अडचणीत सापडलेला माणूस तेव्हाच येतो जेव्हा त्याची गोष्ट बाहेर जाणार नाही याची खात्री असते, आणि निर्णय त्याचा त्याच्याकडे राहिला पाहिजे. त्या बाईच्या सासरी कळवून मगच मदत करू अशी अट त्यांनी घातली असती तर किती जणी आल्या असत्या?

र. धों. कर्व्यांचंही तेच. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं, त्या पायी विल्सन कॉलेजची नोकरी गेली, आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं. त्यात वाचक आपले अगदी खाजगी प्रश्न पाठवायचे आणि कर्वे त्यांना लाज न वाटू देता सरळ उत्तर द्यायचे. १९३४ चा अश्लीलतेचा खटला झाला तो या प्रश्नोत्तरांवरूनच, बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले, आणि तरी केस हरले. पण प्रश्न येत राहिले. विचारायला सुरक्षित जागा मिळाली की महाराष्ट्रातली माणसं विचारतात, तेव्हाही विचारत होती. मग आमची मुलं बोलतच नाहीत, त्यांना काही सांगायचंच नसतं, असं स्टाफरूममध्ये म्हणताना आपण जागा कशी दिलीय हे एकदा बघायला नको का?

कशी दिलीय ते सांगते, नाव कुणाचं घेत नाही कारण हे एखाद्या कॉलेजपुरतं नाही. काउन्सेलिंग सेल कागदावर असतो. त्याची जबाबदारी सायकॉलॉजीच्या मॅडमवर, आणि सायकॉलॉजी विभागच नसेल तर ज्या मॅडम मुलांशी प्रेमाने बोलतात त्यांच्यावर. १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन, त्या दिवशी पोस्टर स्पर्धा, एक गेस्ट लेक्चर, बॅनरसमोर जिओटॅग फोटो, अटेंडन्स शीट, सगळं नॅकच्या, म्हणजे कॉलेजांना ग्रेड देणाऱ्या संस्थेच्या, फाईलमध्ये. मेंटॉर-मेंटीचं रजिस्टर वेगळं, त्यात प्रत्येक शिक्षकाच्या नावावर वीस-पंचवीस मुलं आणि समोर 'समस्या' आणि 'उपाय' असे दोन कॉलम. आता विचार करा, एसवायचा, म्हणजे दुसऱ्या वर्षाचा, मुलगा आहे, बापाचं दारूचं व्यसन आहे, रात्रभर घरात मारामारी चालते, तो काय त्या कॉलममध्ये लिहून देणार आहे? ज्या मॅडमकडे त्याने हे बोलायचं त्याच मॅडम त्याचे इंटर्नलचे मार्क देणार, हजेरी कमी असलेल्यांच्या डिफॉल्टर लिस्टवर सही करणार आणि परीक्षेला सुपरव्हिजनला उभ्या राहणार. मॅडम कितीही चांगल्या असोत, आणि बऱ्याच जणी खरंच जीव तोडून करतात, तरी ही दोन कामं एका माणसाने करायची नसतात. त्यात काही ठिकाणी डिफॉल्टर मुलांना शिक्षा म्हणून पालकांसकट काउन्सेलरकडे पाठवतात. एकदा हे झालं की त्या केबिनमध्ये स्वतःहून कोण पाऊल टाकेल?

इथे पालक एक मुद्दा मांडतात आणि तो सगळ्यात जड आहे असं मला वाटतं. फी आम्ही भरतो, मुलगा आमच्या घरात राहतो, उद्या काही झालं तर आयुष्यभर आम्ही रडणार, मग काउन्सेलरला सांगितलेलं आम्हाला का कळू नये? यावर 'अठरा पूर्ण झाली, तो सज्ञान आहे' एवढं उत्तर देऊन मोकळं होणं मला पटत नाही. आपल्याकडे विशीतला मुलगा घरावरच अवलंबून असतो, आणि बरं व्हायचं तर बऱ्याचदा घराची साथ लागतेच. पण गुप्तता म्हणजे पालकांना कायमचं बाहेर ठेवणं असं कुणी म्हटलंय? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातल्या २३ व्या कलमाने उपचार घेणाऱ्याला गुप्ततेचा हक्क दिलाय, आणि त्याच कलमात अपवादही दिलेत, जिवाला धोका असेल किंवा दुसऱ्या कुणाला इजा होणार असेल तर तेवढ्यापुरती माहिती देता येते. म्हणजे ज्या प्रसंगाची पालकांना भीती वाटते त्या प्रसंगात कायदा त्यांच्या बाजूनेच आहे. बाकीच्या वेळी चांगला काउन्सेलर स्वतःच मुलाला तयार करतो की चल, हे आईशी कसं बोलायचं ते ठरवू. आणि पालकांनी जरा उलट बाजूनेही बघावं. सगळं घरी कळणार हे माहीत असेल तर मूल काउन्सेलरशीही बोलणार नाही, म्हणजे आज जे तुम्हाला कळत नाही ते उद्याही कळणार नाही, फक्त आज निदान कुणाला तरी कळलं असतं ते सुद्धा राहून जाईल. ही गुप्तता पालकांच्याच उपयोगाची आहे असं मी म्हणते ते यासाठी.

भीती नुसती घरच्यांची नसते. १८६० च्या दंडसंहितेत कलम ३०९ खाली आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता, आणि २०१७ च्या कायद्याने पहिल्यांदा असं म्हटलं की अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती हे गृहीत धरा, तिला शिक्षा नको, मदत द्या. कायदा बदलला पण लोकांच्या मनात अजून 'पोलीस केस होईल' हेच आहे, आणि मुलं ते घरातच ऐकून मोठी झालेली असतात.

आता दुसरा मोठा आक्षेप, जो सहसा डाव्या आणि आंबेडकरी चळवळीतले मित्र घेतात, आणि त्यातला शब्दन् शब्द मला मान्य आहे. ते म्हणतात, मुलांना नोकऱ्या नाहीत, स्कॉलरशिप वेळेवर जमा होत नाही, जातीवरून टोमणे मारले जातात, आणि तुम्ही त्यांना श्वासाचे व्यायाम शिकवणार? २०१७ ला मुंबई विद्यापीठाने ऑनस्क्रीन पेपर तपासणी घाईघाईत आणली, निकाल महिनोन् महिने रखडले, मुलांची पुढची ऍडमिशनं हुकली, शेवटी कुलगुरूंना पदावरून जावं लागलं. त्या काळात माझ्यासमोर येऊन रडलेल्या मुलांच्या मनात काही बिघाड नव्हता, बिघाड विद्यापीठात होता. २०१९ ला मुंबईच्या नायर हॉस्पिटलमधल्या निवासी डॉक्टर पायल तडवीने आत्महत्या केली, तेव्हा तिला काउन्सेलिंग मिळायला हवं होतं असं म्हणणं म्हणजे तिच्या घरच्यांनी जातीय छळाची जी तक्रार केली होती ती बाजूला सारणं. हे सगळं कबूल. काउन्सेलिंग जर अन्याय सहन करायला शिकवण्यासाठी वापरलं जात असेल तर ते बंदच करावं.

पण म्हणून ते नकोच असं होतं का? घोडबंदर रोडचे खड्डे बुजवायला हवेत, त्यासाठी रस्त्यावर उतरायला हवं, पण तोपर्यंत जो बाईकवरून पडला त्याचा पाय बांधायचा नाही असं कुणी म्हणत नाही. शिवाय मला यात एक शक्यता दिसते जिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. स्वतंत्र काउन्सेलर हा साक्षीदार असतो. वर्षभरात तीस मुलं एकाच डिपार्टमेंटच्या एकाच सरांबद्दल बोलून जातात, चाळीस मुलं स्कॉलरशिप अडकल्यामुळे झोप उडाल्याचं सांगतात, हे त्याला कळतं आणि दुसऱ्या कुणालाच असं एकत्र कळत नाही. सुप्रीम कोर्टाच्या त्याच निकालात नावं न उघड करता नोंदी ठेवून वार्षिक अहवाल द्या असंही सांगितलंय. तो अहवाल कॉलेजचा नोकर लिहिणार असेल तर त्यात पोस्टर स्पर्धेचे फोटो येतील. कॉलेजच्या बाहेरचा माणूस लिहिणार असेल तर त्यात कॉलेजच्या चुका येतील. ज्या मित्रांना व्यवस्था बदलायची आहे त्यांनी खरं तर असा काउन्सेलर सगळ्यात आधी मागायला हवा.

राहिला पैशाचा आणि माणसांचा मुद्दा. देशात लाखामागे एक सुद्धा मानसोपचारतज्ज्ञ नाही, ०.७५ च्या आसपास आहेत, हे खरं. अनुदानित कॉलेजांत प्राध्यापकांच्याच जागा रिकाम्या, सीएचबीवर, म्हणजे तासाच्या मानधनावरच्या शिक्षकांवर, विभाग चालतात, तिथे काउन्सेलरचा पगार कोण देणार हेही खरं. पण काउन्सेलर म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ नव्हे, औषध लागणाऱ्यांना पुढे पाठवणं हे त्याच्या कामाचा एक भाग झाला. एमए सायकॉलॉजी केलेली, समुपदेशनाचं ट्रेनिंग आणि सुपरव्हिजन घेतलेली मुलं-मुली आपल्याच कॉलेजांतून बाहेर पडतात आणि काम नाही म्हणून शाळांत तासावर जातात किंवा एचआरमध्ये शिरतात. आणि प्रत्येक कॉलेजने आपापला एक नेमायचा हा हट्ट सोडला तर पैशाचं गणितही बसतं. समजा ठाण्यातली वीस कॉलेजं एकत्र आली, सरासरी दोन हजार मुलं धरली तर चाळीस हजार. वर्षाला माणशी १०० रुपये घेतले तर ४० लाख होतात. फ्रीशिपवाल्या, म्हणजे फी माफ असलेल्या, मुलांकडून एक रुपया घेऊ नये, त्यांचा वाटा मॅनेजमेंटने भरावा. महिना ५०,००० पगाराचे पाच काउन्सेलर ठेवले तर ३० लाख, उरलेल्या दहात जागेचं भाडं आणि सिनियर माणसाचं सुपरव्हिजन. आठ हजार मुलांमागे एक काउन्सेलर हे प्रमाण बाहेरच्या देशांत जे योग्य मानतात, म्हणजे हजार-दीड हजाराला एक, त्याच्या जवळपास सुद्धा नाही हे मला माहीत आहे. तरी कागदावरच्या वीस सेलपेक्षा हे पाच जण कितीतरी जास्त काम करतील, आणि विद्यापीठाने किंवा राज्य सरकारने आपला वाटा घातला तर पाचाचे दहा होतील. आपण जिमखाना, लायब्ररी, ग्रुप इन्शुरन्स, डिझास्टर रिलीफ अशा किती नावांनी फी घेतोच की.

ही केंद्रं कॉलेजच्या आवारात नकोत. ठाण्यात स्टेशनपासून चालत जाता येईल असं एक, वाशी किंवा नेरुळला एक, कल्याणला एक. ट्रान्सहार्बर लोकलने ऐरोली, कोपरखैरणे, तुर्भ्याची मुलं दोन्ही बाजूला जाऊ शकतात. मुंबई विद्यापीठाची उपकेंद्रं ठाण्यात बाळकुमला आणि कल्याणला आहेतच, देखरेख त्यांच्याकडे द्यावी, पण नोंदी बघायचा अधिकार त्यांनाही नको. मुलाने फक्त आयकार्ड दाखवायचं, कॉलेजला कळवायचं नाही. काही जण म्हणतील फोनवर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाईन आहेच, १४४१६. आहे, मराठीत आहे, रात्री-अपरात्री खरंच उपयोगी आहे आणि प्रत्येक वर्गात हा नंबर लावलेला असावा. पण त्याच मुलाने पुढच्या मंगळवारी त्याच माणसासमोर पुन्हा बसायचं, असं पाच-सहा आठवडे, हे काम हेल्पलाईनचं नाही.

हे सगळं ठाण्यात व्हावं असं मला जास्तच वाटतं. उभा महाराष्ट्र कुणाला वेडं ठरवायचं तर 'याला ठाण्याला पाठवा' म्हणतो, १९०१ पासून इथे मनोरुग्णालय आहे म्हणून, आणि आम्ही ठाणेकर लहानपणापासून ते ऐकत आलोय. याच शहरात १९९० मध्ये मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींनी आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली आणि मनाच्या आरोग्याबद्दल मराठीत, साध्या भाषेत, लाज न वाटता बोलायची सवय लावली. त्याआधीपासून कि. मो. फडक्यांनी विवेकनिष्ठ मानसोपचार, म्हणजे आपले अविवेकी विचार ओळखून बदलायची पद्धत, मराठी माणसाच्या ओळखीचा केला होता. तेव्हा ही काहीतरी परदेशी फॅशन आहे, आपल्या मुलांना झेपणार नाही, हे म्हणणं निदान ठाण्यात तरी टिकत नाही. इथे ज्ञान आहे, माणसं आहेत, तीन-साडेतीन दशकांचा अनुभव आहे. फक्त तो कॉलेजच्या मुलापर्यंत पोचत नाही, कारण बाहेर एका सेशनची फी म्हणजे त्याच्या महिन्याभराच्या पासापेक्षा जास्त, आणि आत कॉलेजात जे फुकट आहे त्यावर त्याचा विश्वास नाही.

आणखी एक आक्षेप मला आत्ताच दिसतोय, की एवढं सगळं केलं आणि मुलं आलीच नाहीत तर? सुरुवातीला कमीच येतील. एक मुलगी येऊन जाईल, दोन महिने तिची गोष्ट कुठे फुटली नाही हे बघेल, मग मैत्रिणीला सांगेल. पहिल्या वर्षाचे आकडे बघून 'रिस्पॉन्स नाही' म्हणत केंद्र बंद करायचा मोह मॅनेजमेंटला होणार, म्हणून पाच वर्षांचा पैसा आधीच बाजूला काढून ठेवावा आणि मुलांची संख्या दाखवा तरच पुढचा हप्ता अशी अट त्याला जोडू नये. येत्या ऍडमिशनच्या वेळी पालकांनी आणि विद्यार्थी प्रतिनिधींनी कॉलेजला लेखी विचारावं, की तुमच्या काउन्सेलरला पगार कोण देतं, त्याच्या नोंदी कोण वाचू शकतं, आणि तो परीक्षेच्या, हजेरीच्या किंवा शिस्तीच्या कुठल्या कमिटीवर आहे का. उत्तरही लेखीच मागावं.